शरीराला आधी कळतं? तुमचे अनुभव लिहा

मागीलदार:
परवा रात्री पार्किंगमधला दिवा गेलेला. गाडीकडे जाताना उचललेला पाय हवेतच राहिला. मी थांबले नाही, पाय थांबला. मग खाली बघितलं तर माळीदादांचा काळा पाइप. हसू आलं, पण छाती धडधडतच होती.

आणि एकदम देवरुखचं आजोळ आठवलं. मागल्या दारी न्हाणीघराकडे जाताना पाय असाच अडकला होता. तेव्हा मात्र पायरीच्या कडेला घोणस होती, वेटोळं करून. मामा म्हणाला, फुत्कार ऐकून थांबलीस. मला पक्कं आठवतंय, फुत्कार नंतर आला.

मांजरीला पहिलटकरीण असतानाही पिल्लाची नाळ तोडायला कोणी शिकवत नाही. आपण मोठे होईपर्यंत इतकं शिकतो, त्यात असलं उपजत काही शिल्लक राहतं का? अंगावर आलेलं लिहा. ज्ञान नंतर.

तिखटमीठ:
+१ पाइप. मी तर किंचाळले पण. नवरा अजून पाहुण्यांसमोर सांगतो.

रानवाट:
घोणस होती कशावरून? कोकणात अजगराच्या पिल्लाला घोणस म्हणून रोज मारतात लोक.

मागीलदार:
रानवाट, अंगावर साखळीसारखे ठिपके होते, तीन रांगा. आणि तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही कोणी. मारली नाही हो, मामाने काठीने लांब केली.

रानवाट:
मग घोणसच. मामांना नमस्कार सांगा.

दुपारची_लोकल:
विषय वेगळा आहे पण इथेच बसतो. मुलगा चार-पाच महिन्यांचा, मी नुकतीच कामावर रुजू. लेडीज डब्यात कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, अगदी तान्हं, तो ‘उआँ उआँ’ आवाज. मी मोबाइलवर मेल वाचत होते, लक्षही नव्हतं. आणि कुर्ता भिजला. समोरच्या कोळीणबाईंनी बघितलं, टोपली पुढे सरकवून मला खिडकीकडे वळून बसायला जागा केली आणि म्हणाल्या, ‘पोराला कुनाकडं ठेवलंस?’ मी तिथेच रडले. बाळ दुसऱ्याचं, हे शरीराला कोण सांगणार!

चकलीचा_सोऱ्या:
हिरकणी! रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून गेली ती. लहानपणी वाटायचं काहीतरीच, स्वतःला मूल झाल्यावर पटलं.

तिखटमीठ:
दुपारची_लोकल, मिठी गं.

पाटीपेन्सिल:
रंगाचा बेरंग करायला आलो. यातलं उपजत किती आणि शिकलेलं किती? सुसन मिनेका यांचे 1980 च्या दशकातले माकडांवरचे प्रयोग बघा. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरतंय हे दाखवल्यावर तीही घाबरायला लागली. म्हणजे शिकली. देवरुखला लहानपणी ‘पायाखाली बघ गं’ हे ताईंनी हजारदा ऐकलं असणार.

मागीलदार:
हजारदा नाही, लाखदा :)

गोळी_घ्या:
पाटीपेन्सिल, प्रयोगाचा पुढचा भाग का गाळलात? व्हिडिओत फेरफार करून माकड फुलांना घाबरतंय असंही दाखवलं होतं. फुलांना एकही माकड घाबरायला शिकलं नाही. रांगोळीचे ठिपके जन्मतःच घातलेले असतात, रेषा घरचे ओढतात.
पेशंट आलाय, नंतर येतो.

पाटीपेन्सिल:
ठिपके मान्य. पण घरचे रेषा ओढतात हेही तुम्हीच लिहिलंत.

उंबरठा:
आमचं गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला हललं. दगडमातीचं घर, भिंती ही एवढ्या रुंद. शहाण्या माणसाने दाराकडे पळावं, दार दोन पावलांवर होतं. वडील पळाले नाहीत. ते मी आणि बहीण झोपलो होतो तिथे आमच्यावर पालथे पडले. भिंतीचे दगड त्यांच्या पाठीवर. चुलत्यांनी उकरून काढलं आम्हाला.
त्यांना नंतर पुष्कळांनी विचारलं, कसं सुचलं? ते म्हणायचे, सुचलं नाही, जाग आली तेव्हा मी तिथंच होतो. अजून पाठ वाकवताना त्रास होतो त्यांना. ट्रक गेला आणि खिडकीची तावदानं वाजली की आजही आधी आम्ही कुठे आहोत ते बघतात. आमची लग्नं झाली, मी पुण्यात आहे, तरी फोन करतात.

मागीलदार:
उंबरठा, काय लिहू कळेना. बाबांना नमस्कार.

पाटीपेन्सिल:
यावर माझ्याकडे प्रश्न नाही. नमस्कार सांगा त्यांना.

ढब्बू_मिरची:
मागचं सगळं वाचलं नाही. आमच्याकडे शंकरपाळ्यांचा डबा उघडला की तिसऱ्या मजल्यावरची पोरं खाली येतात. उपजतच असावं.

चकलीचा_सोऱ्या:
ढब्बू, आधी वर वाचा हो. आणि चकली काढा, तिला चौथ्या मजल्यावरून येतात.

कातरवेळ:
उलटा अनुभव. एसटीत मागच्या सीटवरून हात आला. मी शाळेत कराटे शिकलेली, मैत्रिणींना धीर देणारी. आणि मला हलताच येईना. घशातून आवाज नाही. उतरल्यावर सुद्धा पाय लाकडाचे. घरी पहिला प्रश्न, ‘ओरडली का नाहीस?’ किती वर्षं स्वतःलाच तो प्रश्न विचारत होते.

गोळी_घ्या:
कातरवेळ, नीट लिहितो. जिवावर बेतलं की प्राणी पळतो किंवा लढतो एवढंच आपण ऐकलेलं असतं. थिजणं ही तितकीच जुनी प्रतिक्रिया आहे. ससाही थिजतो. ती तुम्ही निवडलेली नव्हती, कराटेचा तिथे संबंध नाही. ‘का नाही ओरडलीस’ हा प्रश्नच चुकीचा.

कातरवेळ:
धन्यवाद डॉक्टर. लेकीलाही वाचून दाखवेन.

पाचवीपुजलेली:
आमची आजी शेवटची दोन-तीन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. आईला ‘बाई, तुम्ही कुठल्या’ म्हणायची. पण तळहातावर बोट ठेवलं की मूठ अशी आवळायची की सोडवता यायची नाही. तेव्हाच वहिनी बाळंत होऊन आलेली. बाळाच्या मुठीत बोट दिलं की सेम. भरवताना चमचा गालाला लागला तर आजीचं तोंड तिकडे वळायचं, बाळाचंही. आई म्हणायची, माया आहे, ओळख गेली तरी माया जात नाही.

गोळी_घ्या:
धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मूठ आवळणं, स्पर्शाकडे तोंड वळवणं, हे जन्मतः असतं आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत दिसेनासं होतं. जातं कुठे? मेंदूचा पुढचा भाग तयार होतो आणि त्याला दाबून ठेवतो. म्हातारपणी किंवा आजारात तो भाग झिजला की ते पुन्हा वर येतं. पुसलेलं नसतं, दाबलेलं असतं. आजींची माया नव्हती असं म्हणत नाहीये मी.

पाचवीपुजलेली:
कळलं डॉक्टर. तरी आम्ही मायाच म्हणणार.

पाटीपेन्सिल:
दाबता येतं म्हणता, पण प्रत्येक वेळी कुठे जमतं? डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीला तोंड लावून उभा राहिला होता. मध्ये जाड काच. ठरवलं होतं, हलायचं नाही. सापाने झेप घेतली आणि हा एक-दोन यार्ड मागे! काच आहे हे डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. घ्या, तुमच्या बाजूचा पुरावा मीच दिला.

मागीलदार:
पाटीपेन्सिल, पाइपवाल्यांच्या संघात स्वागत.

रानवाट:
वेळासला कासवांची पिल्लं बघून आलो. वाळूवर सोडली की तुरुतुरु समुद्राकडे. आई केव्हाच पाण्यात निघून गेलेली. आमची नववीतली पोरगी म्हणाली, बाबा, यांना क्लास लावावा लागत नाही.

तिखटमीठ:
हाहा. कधी जायचं असतं वेळासला? मुलांना दाखवायचंय.

रानवाट:
साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. पिल्लं कधी बाहेर येतील त्याचा नेम नसतो, आधी फोन करून जा. राहायची सोय गावातल्या घरांतच होते. बॅटऱ्या आणि मोबाइलचे दिवे मात्र किनाऱ्यावर नकोत, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, भलतीकडे वळतात.

चकलीचा_सोऱ्या:
जेवायला काय असतं? मोदक मिळतात का?

रानवाट:
मिळतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं.