परदेशात देशाची जाहिरात: १५ मिनिटांचं प्रहसन तिसऱ्या मिनिटाला थंड का पडतं?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाच्या गणेशोत्सवात १५ मिनिटांचं प्रहसन करायचं आहे. विषय असा: एक देश परदेशात स्वतःला कसा विकतो. सात कलाकार आहेत. मोकळ्या मैदानात २० बाय १४ फुटांचं स्टेज, दोन कॉलर माईक आणि दोन उभे माईक. एलईडी स्क्रीन मिळणार नाही.

संहिता तयार आहे, पण वाचनात पहिली तीन मिनिटं हशा होतो आणि पुढे लोक नुसते ऐकत बसतात. शिवाय काही ज्येष्ठांना हे सगळं देशाची बदनामी वाटतंय. माझे प्रश्न:

देश खरा घ्यावा की काल्पनिक? मधली दहा मिनिटं कशाने भरावीत? घोषवाक्य कसं सुचवावं? आणि परवानगीच्या बाजूने काय सांभाळावं?

तालीमवाला

तिसऱ्या मिनिटाला थंड पडतं, कारण तोवर नक्कल संपलेली असते. पर्यटनाची खरी जाहिरात एका मिनिटाची असते. दोन-दोन सेकंदांचे पंचवीस-तीस तुकडे, आणि ते कुठल्याही देशाचे असोत, ठरलेलेच: पाण्यावरून उडणारा ड्रोन, टोपी घातलेली गोरी बाई, कॅमेऱ्याकडे धावणारी पोरं, सुरकुतलेला हसरा म्हातारा, नाच, हवेत उडणारा मसाला, सूर्यास्त, मग बोधचिन्ह. प्रेक्षकांना ही यादी पाठ असते. दीड मिनिटात त्यांनी ती ओळखली की पुढच्या प्रत्येक विनोदाच्या आधी ते तिथे पोहोचलेले असतात.

म्हणून जाहिरात सुरुवातीलाच दीड मिनिटात पूर्ण दाखवून मोकळे व्हा. त्यानंतर ती कशी बनली ते दाखवा. प्रत्यक्षातला क्रम निविदा, एजन्सीचं सादरीकरण, घोषवाक्य, चित्रीकरण, खात्यांची मंजुरी आणि शेवटी परदेशातला पर्यटन मेळा असा असतो. या प्रत्येक टप्प्यावर खरी गोष्ट थोडी कापली जाते आणि खोटी थोडी जोडली जाते. तुमची चढण आयती मिळाली. वेळेची वाटणी अशी करा: दीड मिनिट जाहिरात, साडेतीन मिनिटं बैठक, चार मिनिटं चित्रीकरण, चार मिनिटं मेळ्यातला स्टॉल, उरलेली दोन शेवटाला.

बैठकीच्या प्रवेशात दर खात्याला एकच वाक्य द्या, आणि ते त्या खात्याच्याच भाषेत द्या. उदाहरणार्थ पाटबंधारेवाला: ‘नदीत पाणी दाखवा. सध्या नाही, पण मंजूर आहे.’ इथे विनोद वेगळा लिहावा लागत नाही, परिपत्रकाची मराठी जशीच्या तशी उचलली की पुरते.

चित्रीकरणाच्या प्रवेशाला वास्तवाचा भक्कम आधार आहे. २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या नव्या मोहिमेच्या चित्रफितीत भातखाचरं इंडोनेशियाची आणि जाळं फेकणारा कोळी थायलंडचा निघाला. ती तयार दृश्यं विकणाऱ्या संकेतस्थळावरून घेतलेली होती. एजन्सीने माफी मागितली, कंत्राट गेलं. त्याआधी २०१७ मध्ये लिथुएनियाने ‘जे खरं तेच सुंदर’ अशा अर्थाच्या मोहिमेत फिनलंड आणि स्लोव्हाकियातले फोटो वापरले, आणि पर्यटन खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. तुमच्या देशाचा धबधबाही असाच भाड्याने आणा. एकच धबधबा, पण तो पुढे मेळ्यात ओळखला गेला पाहिजे. पेरलेलं उगवलं की मधली दहा मिनिटं भरायची वेगळी चिंता राहत नाही.

चौकटवाला

स्क्रीन नाही हे उत्तमच झालं. एक मोठी रिकामी चौकट बनवा. चौकटीच्या आत आलेला माणूस जाहिरातीत असतो आणि बाहेर पडलेला माणूस देशात. ही एक गोष्ट नीट बसवली तर अर्धे संवाद कापता येतील.

माप १६:९ ठेवा, म्हणजे टीव्हीचा पडदा लगेच ओळखू येतो. ६ फूट रुंद, ३ फूट साडेचार इंच उंच. विजेच्या वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ३ मीटर लांबीचा मिळतो. एका पाइपातून एक आडवी आणि एक उभी बाजू निघते, पाच-साडेपाच इंच उरतात. म्हणजे दोन पाइप आणि चार एल्बो (कोपऱ्याचे काटकोनी जोड) एवढंच सामान.

यात काय बिघडतं तेही आधीच सांगतो. सहा फुटी आडवा पाइप मध्ये झोल खातो आणि चौकट केळीसारखी दिसते. आत बांबूची कामटी सरकवा. एल्बो नुसते दाबून बसवलेत तर ऐन प्रवेशात निखळतात. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलंत तर चौकट सुटी करून नेता येत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यात एक बारीक स्क्रू मारा. पांढरा पाइप दिव्याखाली चकाकतो, रंग दिलात तर पापुद्रे निघतात. पिवळ्या सुती कापडाची दोन इंची पट्टी तिरकी गुंडाळा, मागच्या काळ्या पडद्यावर ती शेवटच्या रांगेतूनही दिसते.

खालची कड स्टेजपासून अडीच फुटांवर धरायची. वरची कड पाच फूट साडेदहा इंचांवर येते. कोणी सहा फुटी नट असेल तर त्याचं डोकं कापलं जाईल, त्याला अर्धं पाऊल मागे घेऊन जरा वाकवा. धरणारे दोघे काळ्या कपड्यांत. दोन मिनिटांनंतर हात थरथरतात, तेव्हा चार मिनिटांच्या प्रवेशात एकदा तरी चौकट टेबलावर टेकवायची जागा योजून ठेवा.

तालमीत एकच नियम पाळा: कड ओलांडताना चेहरा एका पावलात बदलला पाहिजे. हंडा घेऊन आलेली बाई चौकटीत शिरली की हंडा कमरेवर, मान तिरकी, हसू. बाहेर पडली की तोच हंडा रिकामा आणि जड. हंड्याबद्दल कोणी अवाक्षर बोलायचं नाही. चौकट पूर्ण प्रयोगात तीनदाच हलवा. चौथ्यांदा हलली की लोक ती कोण धरतंय ते बघायला लागतात.

खाडीपलीकडचा

नवी मुंबईहून लिहितोय. देश काल्पनिकच घ्या, पण ‘परदेश’ म्हणून ठाणंच घ्या! तुमच्या प्रेक्षकांनी बर्लिनचा मार्चमधला मेळा किंवा लंडनचा नोव्हेंबरमधला मेळा पाहिलेला नसणार. पण मॉलमधला परदेशी पर्यटनाचा स्टॉल, ‘शुद्ध शाकाहारी जेवण’, ‘सोबत मराठी टूर लीडर’, ‘बर्फात गरम वरणभात’ हे त्यांना पुरेपूर माहीत आहे. तुमच्या देशाचा मंत्री ठाण्यात येऊन मामलेदार मिसळीची तारीफ करतोय, असा मेळा लिहा. बाहेरचा माणूस आपल्याला काय समजतो आणि आपण त्याला काय समजतो, हे दोन्ही एका प्रवेशात येतं.

बदनामीच्या शंकेवर ठाम मत आहे. हसायचं ते माहितीपत्रकाला, मंत्र्याला आणि एजन्सीला. हमालाला, शेतकऱ्याला, म्हातारीला नाही. कझाकस्तानची टर उडवणारा २००६ चा चित्रपट तिथल्या लोकांना लागला, कारण त्यात सामान्य माणूसच मागास दाखवला होता. पुढे २०२० मध्ये त्याच देशाने त्यातलाच संवाद पर्यटनाचं घोषवाक्य म्हणून घेतला, पण पहिली जखम त्यामुळे खोटी ठरत नाही. उलट आपला एअर इंडियाचा महाराजा बघा. १९४६ चा, बॉबी कुका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र. जाईल त्या देशाच्या सोंगात शिरणारा, स्वतःवर हसू ओढून घेणारा. त्याने कोणाला खाली पाडलं नाही.

आणि उदाहरण जवळ हवं असेल तर ते पाम बीच रोडला आहे. ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून शहरभर गुलाबी पुतळे आणि भिंतींवर गुलाबी चित्रं. आणि नेरुळच्या डीपीएस तलावात खाडीचं भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली तेव्हा खरे पक्षी अडचणीत. सिमेंटच्या पक्ष्याला भरती-ओहोटी लागत नाही, खऱ्याला लागते. हे नाव घेऊन मांडू नका, पण तुमच्या देशाच्या बोधचिन्हावरचा प्राणी असाच निवडा, ज्याला जगायला नेमकं तेच लागतं जे जाहिरातीच्या खर्चापायी बंद झालंय.

तालीमवाला

खाडीपलीकडचे यांच्याशी अर्धा सहमत. मेळा ठाण्यात आणला की स्थानिक टोमण्यांचा मोह आवरत नाही. मिसळ आली की घोडबंदरचे खड्डे येतात, मग वाहतूक कोंडी येते, आणि देशाची जाहिरात बाजूला राहून नगरसेवकावरचं स्किट होतं. मेळा ठाण्यात घ्यायचाच तर अट घाला: ठाण्याबद्दल एकच वाक्य, तेही मंत्र्याच्या तोंडी.

आणखी एक. स्वतःवर हसणाऱ्या जाहिराती आता देशच करतात. २०२४ मध्ये ऑस्लोच्या पर्यटन संस्थेने एका कंटाळलेल्या रहिवाशाकडून ‘हे शहर तरी आहे का?’ असं वदवून घेतलं आणि ती चित्रफीत जगभर फिरली. त्यामुळे नुसतं ‘आमच्याकडे काहीच नाही’ म्हणणारा मंत्री लिहिलात तर तो विडंबन वाटणार नाही, नव्या चालीची जाहिरातच वाटेल.

शब्दांकित

घोषवाक्याकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते. प्रहसनातलं घोषवाक्य सुंदर असून भागत नाही, ते प्रत्येक प्रवेशात अर्थ बदलणारं हवं. आपल्याकडे असा एक शब्दप्रयोग तयार आहे: ‘पुन्हा या’. पाहुण्याला निरोप देताना आपण तेच म्हणतो आणि कार्यालयाच्या खिडकीतही तेच ऐकतो. देशाचं नाव ‘लवंगिया’ ठेवा. मग झालं, ‘लवंगिया, पुन्हा या!’ नावाला ‘-इया’ आहे म्हणून ते देशाचं वाटतं, यमक जुळतं आणि कुठल्याही खऱ्या देशावर बोट जात नाही.

आता ते फिरवा. जाहिरातीत: मखमली आवाजात, आतिथ्य म्हणून. स्टॉलवर: ग्राहक तीन साधे प्रश्न विचारतो. व्हिसा किती दिवसांत? विमानतळावरून शहरात किती वेळ? नळाचं पाणी पिता येतं? तिन्हींना मंत्री हसून घोषवाक्यच सांगतो. पुढे लवंगियात: हरवलेल्या बॅगेसाठी पर्यटक खिडकीशी उभा, आतून तोच सूर, ‘साहेब जेवायला गेलेत, पुन्हा या.’ इथे हशा सगळ्यात मोठा येईल, पण इथे थांबू नका.

शेवट विमानतळावर करा. लवंगियाचा तरुण देश सोडून चाललाय. पाटीवर ‘पुन्हा या’ लिहिलंय, ती पर्यटकांसाठी. आई त्याला म्हणते, ‘पुन्हा ये.’ तो ‘जातो’ म्हणत नाही, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ‘येतो’ म्हणतो. संपूर्ण प्रहसनात देश पाहुण्यांशी आदरार्थी बोलत आला, आणि स्वतःच्या पोराशी एकेरीत बोलायची पाळी आली तेव्हा ते पोर निघालेलं असतं. ‘या’चं ‘ये’ होतं एवढाच बदल. त्यावर कोणाचंही भाष्य नको. त्या वेळी चौकट रिकामी, टेबलाला टेकवलेली असावी.

निवेदनाचा मजकूर मोजून लिहा. संगीतासह मिनिटाला सत्तर शब्दांच्या वर गेलात तर मखमल जाऊन लिलाव वाटतो. क्रियापदं कमी ठेवा: ‘जिथे नद्या… जिथे माणसं… जिथे वेळ…’ अशी वाक्यं अर्धी सोडणं हीच त्या भाषेची खूण आहे.

नियमावली

परवानगीबद्दल थोडक्यात. तिरंगा, अशोकस्तंभ, राष्ट्रगीत यांतलं काहीही स्टेजवर आणू नका. लवंगियाचा झेंडा वेगळा शिवा, केशरी-पांढरा-हिरवा क्रम त्यात नको. कुठल्याही खऱ्या पर्यटन मोहिमेचं बोधचिन्ह किंवा चाल उचलू नका. संगीत स्टेजवरच वाजवा, एक कीबोर्ड आणि डफ पुरतो. रेकॉर्ड केलेलं गाणं लावलंत की परवान्याचा प्रश्न येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद. उत्सवाच्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट असते, तुमचा दिवस त्यात आहे का ते प्रशासनाच्या आदेशात बघा. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हाच प्रयोग पुढे नाट्यगृहात लावायचा झाला तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

कोलशेतकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘या’ आणि ‘ये’ घेतोय, चौकटही घेतोय, मेळा ठाण्यातच ठेवतोय पण एका वाक्याच्या अटीवर. एकच अडचण: आईचं ‘पुन्हा ये’ हळू आवाजात हवं, आणि मैदानाच्या पलीकडे दुसऱ्या मंडळाची आरती चालू असते. ऐकू कसं जाणार?

चौकटवाला

दोन कॉलर माईकपैकी एक पूर्ण वेळ आईकडेच द्या, तिचा संवाद एकच असला तरी. नऊवारी किंवा सहावारीचा पदर डाव्या खांद्यावर येतो, तेव्हा क्लिप उजव्या बाजूला, हनुवटीपासून वीतभर खाली. डावीकडे लावलात तर पदराची खसखस ऐकू येईल. मंगळसूत्र असेल तर वाट्या माईकवर आपटतात, म्हणून ते आत खोचा किंवा लहान घ्या. बाकीचे तिन्ही माईक त्या क्षणी ध्वनीवाल्याकडून बंद करून घ्या. ते चालू राहिले की आजूबाजूची आरतीही तेवढीच आत येते. आणि ‘ये’नंतर डफ लगेच वाजवू नका. मनात चार आकडे मोजा, मग मुलाचं ‘येतो’.