१४ फेब्रुवारीला वृद्धाश्रमात काय ठेवावं? जोडपी फारशी नाहीत

खिडकीतली:
नमस्कार मंडळी, मी एका वृद्धाश्रमात कार्यक्रमांचं बघते. फेब्रुवारी आला की वरून सुरू होतं की व्हॅलेंटाइनचं काहीतरी करा, फोटो छान येतात, पेजवर टाकता येतात. यंदा यादीच आलीये, लाल फुगे, हार्टचं डेकोरेशन आणि ‘बेस्ट कपल’ स्पर्धा. आता आमच्याकडे नवरा-बायको दोघं असलेली जोडपी बोटावर मोजण्याइतकी, बाकी बहुतेक एकट्या आज्या, काहींचं लग्नच झालेलं नाही, एका आजोबांच्या मिसेस नुकत्याच गेल्या, शिवाय बऱ्याच जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, म्हणजे विसरण्याचा आजार). मग बाकीच्यांनी काय नुसत्या टाळ्या वाजवत बसायचं? पण काहीच नको म्हणावं तर टीव्हीवर दिवसभर तेच चालू असतं, सगळ्यांना कळतंच. कोणी असं काही केलंय का जे खरंच चाललं? बजेट नावालाच आहे.

टोचणी:
हे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे, म्हाताऱ्या माणसांना कशाला त्यात ओढता? गपगुमान बसू द्या की.

रात्रपाळी:
टोचणी, गपगुमान बसून राहणं हाच तर तिथला मोठा प्रॉब्लेम असतो 😄 असो.

खिडकीतली, मी डिमेन्शिया वॉर्डला नर्स आहे. बेस्ट कपल आधी रद्द करून घ्या. विषय ‘जोडीदार’ न ठेवता ‘जीव लावलेली माणसं’ ठेवा, मग त्यात बहीण, शाळेतली मैत्रीण, भाचा, पाळलेला कुत्रासुद्धा बसतो आणि कोणी बाहेर राहत नाही.

सगळ्यात जास्त चालतात ती गाणी. म्हातारपणी माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी बाकीच्यांपेक्षा जास्त येतात, म्हणून गाणी त्या काळातली शोधा, तुमच्या-माझ्या आवडीची नकोत. आज ज्या आजी ८५ च्या आहेत त्या १९६० च्या आसपास २० वर्षांच्या होत्या, तिथून सुरुवात करा. मुलीचं नाव न आठवणारी बाई अख्खं कडवं न अडखळता म्हणते, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. फक्त स्पीकर मोठा करून उपयोग नसतो, वयामुळे आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे नुसता गोंगाट वाटतो. टीव्ही, मिक्सर, बाकीच्यांच्या गप्पा बंद, मग गाणं. आणि सकाळी घ्या. संध्याकाळकडे डिमेन्शियाच्या पेशंटची बेचैनी, गोंधळ वाढतो, तेव्हा कार्यक्रम ठेवला की अर्धे लोक “मला घरी जायचंय” म्हणून उठतात.

अजून एक, त्या दिवशी कोणीतरी विचारणारच, “हे कुठे गेले, अजून आले नाहीत?” तेव्हा “आजी, ते गेले ना” असं सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवीन असते. येतीलच आत्ता असं खोटंही नको. “आठवण येतेय का? कसे होते हो ते?” एवढं विचारा आणि ऐकत बसा.

लोकरीचा_गुंडा:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणं हे माझं काम. कार्ड बनवणार असाल तर हार्टचे आकार आधीच जाड कागदातून कापून ठेवा, कात्र्या वाटू नका. ज्यांचा एक हात स्ट्रोकमुळे चालत नाही त्यांचा कागद चिकटपट्टीने टेबलाला पक्का करा, म्हणजे एका हाताने रंगवता येतं. पांढऱ्यावर फिकट गुलाबी त्यांना नीट दिसत नाही, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-जांभळ्याच्या छटाही ओळखू येत नाहीत, त्यामुळे पांढऱ्यावर गडद लाल आणि अक्षरं चांगली ठसठशीत. चमकी, मणी वगैरे डिमेन्शियावाल्यांच्या टेबलावर नकोच, तोंडात जातं. फुगेही नकोत, फुटला की दचकतात, शिवाय काहींना रबराची ॲलर्जी असते. खाऊ वाटायच्या आधी नर्सला विचारा, शुगर तर आहेच पण गिळायला त्रास असणारे किती आहेत ते जास्त महत्त्वाचं.

आणि मुख्य म्हणजे बालवाडीत बसवल्यासारखं करू नका. नुसतं रंगवून भिंतीला लावलं की त्यांनाही कळतं की आपल्याला गुंतवून ठेवलंय. कार्ड खरंच कोणाला तरी द्यायचं असलं पाहिजे. स्वयंपाकाच्या मावशी, रात्रीचा वॉचमन, कपडे धुणारे, त्यांच्या हातात आजोबांनी स्वतः द्यायचं. दिवसभर दुसऱ्याकडून घेणाऱ्या माणसाला काहीतरी द्यायला मिळतं ना, चेहरा बघा तेव्हा.

मधली_लेक:
माझे बाबा अशाच ठिकाणी आहेत म्हणून नातेवाइकांच्या बाजूने लिहिते. सगळ्यांना हॉलमध्ये आणायचा हट्ट नको, प्लीज. ज्यांचं दुःख ताजं आहे त्यांना आदल्या दिवशीच विचारा, येणार का, की कोणी खोलीत येऊन बसलेलं चालेल. बाबा नाही म्हणाले तेव्हा एक सिस्टर नुसती त्यांच्याजवळ बसून आईचे फोटो बघत होती, त्यांना तेवढंच हवं होतं. जे अंथरुणावरून उठत नाहीत त्यांच्याकडेही असंच जा, एखादं सुवासिक फूल हातात द्या.

दुसरं म्हणजे “तुमची लव्हस्टोरी सांगा” असं माईक धरून विचारू नका. सगळ्यांचे संसार गोड नव्हते हो. काही बायकांनी आयुष्यभर मार खाल्लाय, त्या काय सांगणार? त्यापेक्षा आडून विचारा, पहिल्यांदा साडी कोणी घेऊन दिली, पत्र कोण लिहायचं, भांडण झाल्यावर आधी कोण बोलायचं. ज्याला जिथवर जायचं तिथवर तो आपणहून जातो.

रात्रपाळी:
+१. आणि एक राहिलंच, कोणी उघड बोलत नाही म्हणून लिहिते. तुमच्याकडे दोन एकट्या माणसांचं आपसात जमलेलं असेल, रोज शेजारी बसतात, हात धरतात. त्या दिवशी स्टाफ त्यांना मुद्दाम चिडवतो, फोटो काढतो, आणि तो फोटो मुलाने बघितला की घरून फोन येतो. दोघं समजून-उमजून एकत्र असतील तर तो त्यांचा खासगी मामला आहे. त्यांना नेहमीसारखं शेजारी बसू द्या आणि स्टाफला आधीच बजावून ठेवा. फक्त दोघांपैकी एकाला डिमेन्शिया असेल तर जरा लक्ष हवं, की त्याला किंवा तिला हे खरंच हवंय ना, समोरच्याला आपला जोडीदारच समजून तर नाही ना बसलेत.

खिडकीतली:
बापरे, हे शेवटचं आमच्याकडे अगदी तंतोतंत आहे, नावं घेत नाही 🙈 तर मग सकाळी छोटे ग्रुप करून गाणी, नंतर स्टाफसाठी कार्डं, फुगे कॅन्सल. फोटोंचं काय सांगू वरती? त्यांना फोटो हवेतच.

लोकरीचा_गुंडा:
हातांचे काढा, कार्ड देतानाचे. चेहरा दिसणार असेल तर आधी त्या माणसालाच विचारा, त्याला समजत नसेल तर घरच्यांची लेखी परवानगी. आणि गाण्यांची यादी आत्तापासून जमवा, एकेकाच्या घरी फोन करून विचारण्यातच आठवडा जातो.