लाल बाणाला घाबरू नका, पोटॅशियम बघा

"हॉर्मोन्सनी किडनी जाते, तुझं क्रिएटिनिन आधीच काठावर आहे, नादी लागू नकोस" असं कुणीतरी तुम्हाला, एका ट्रान्स स्त्रीला, सांगितलंय. जरा थांबा. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) स्नायूंमधून येतं. मी ट्रान्स पुरुष; टेस्टोस्टेरॉनने माझे स्नायू वाढले आणि ते 0.8 वरून 1.1 वर गेलं. रिपोर्टवर लिंग 'स्त्री' छापलेलं, म्हणून शेजारी लाल बाण! रात्रभर झोपलो नाही. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज; त्याच्या सूत्रात लिंग धरतात. डॉक्टरांनी 'पुरुष' घालून काढलं तर आकडा ठीक निघाला. खात्रीसाठी सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी केली, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

तुम्ही इस्ट्रोजेन घेणार, म्हणजे तुमचं उलटं: स्नायू घटले की क्रिएटिनिन उगाच छान दिसेल. पण खरी काळजी इस्ट्रोजेनच्या जोडीला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणाऱ्या (अँटीअँड्रोजेन) गोळीची. त्याने पोटॅशियम वाढतं. किडनी कमजोर असेल किंवा बीपीसाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन चालू असेल तर जास्तच, आणि ते थेट हृदयावर येतं. गोळी सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर पोटॅशियम तपासाच. नाहीच झेपली तर अँटीअँड्रोजेन बदलता येतं, त्यापायी इस्ट्रोजेनवर पाणी सोडायला नको. आणि हो, अंगदुखीला मनानेच घेतलेली आयब्युप्रोफेनसुद्धा डॉक्टरांना सांगा.