क्लायंटला मराठीत काय म्हणायचं? अशील, लाभार्थी, सेवार्थी की आणखी काही

मिरजेची आक्का:
मंडळी, एक अडचण आहे. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला शिकवते. समाजकार्याच्या इतिहासाच्या नोट्स मराठीत करायला घेतल्यात, कारण पोरं इंग्रजी पाठ करतात आणि पेपरात ओततात, कळत काहीच नाही. इंग्लंडचा १६०१ चा गरिबांचा कायदा झाला, १८३४ चा नवा झाला, वर्कहाऊसला, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घ्यायच्या घराला, 'श्रमगृह' लिहून मोकळी झाले. अडले ती 'क्लायंट'वर, म्हणजे समाजकार्यकर्त्याकडं मदतीला आलेल्या माणसावर. मेरी रिचमंडबाईच्या केसवर्कपासनं, म्हणजे एकेका माणसाची अडचण समजून मदत करायच्या पद्धतीपासनं, पुढं पानापानावर तो शब्द. 'अशील' म्हटलं की पोरांना काळा कोट दिसतो. 'लाभार्थी' लिहिलं तर आमच्यातल्याच एक मॅडम म्हणाल्या, अगं नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या बाईला लाभ कसला डोंबलाचा. पुस्तकात 'सेवार्थी' आहे पण जित्या माणसाच्या तोंडून मी तो ऐकलेला नाही. तुमच्याकडं काय म्हणतात?

तासगावचा बागायतदार:
लाभार्थीच म्हणा की. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर तेच, मोबाईलच्या मेसेजमध्ये तेच. फक्त गंमत बघा, विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा, मिळालेला नव्हे. मिळाला की त्याचा लाभधारक व्हायला पाहिजे. घरकुलाच्या यादीतली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं अर्थीच आहेत, त्या हिशेबानं शब्द एकदम करेक्ट.

वाईकर शास्त्री:
'सेवार्थी' हा निर्दोष शब्द आहे. कुणाच्या तोंडात नाही म्हणून टाकून द्यायचा ही काय रीत झाली? विश्वकोशाच्या गावात राहतो म्हणून सांगतो, शब्द आधी घडवायचा असतो, मग तो रुळतो. महापौर, दिनांक हे सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसलेच होते. आणि आक्का, इंग्लंडात दवाखान्यातल्या समाजसेविकेला पूर्वी 'आल्मनर' म्हणत. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १८९५ साली पहिली नेमली, मेरी स्ट्युअर्ट. नोट्समध्ये ती येईलच. तिच्यासाठी शिवकाळातला शब्द आपल्याकडे तयार आहे, 'दानाध्यक्ष'. वापरा बिनधास्त.

मिरजेची आक्का:
शास्त्रीबुवा, दानाध्यक्ष म्हणजे राजाच्या वतीनं दानधर्म बघणारा, विद्वानांचा मानपान करणारा. मेरी स्ट्युअर्टबाईचं काम जवळजवळ उलटं. ज्याला पैसे मोजणं परवडतंय त्यानं फुकट औषधं नेऊ नयेत म्हणून चौकशी करायची, हे तिच्याकडं पहिलं काम. ती आली होती चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीतनं. १८६९ ची संस्था, आणि त्यांची सगळी धडपड एकाच प्रश्नाभोवती, हा गरीब मदतीच्या लायकीचा आहे का नाही.

खटावी मिरची:
आक्का, हे तर आपलं पात्र-अपात्र झालं! सत्पात्री दान. तहसीलच्या भिंतीवर यादी लागते ना, तिथं पण तोच शब्द. लंडनच्या त्या लोकांना मराठी यायला पाहिजे होतं.

बाकी क्लायंटचं मला ठाऊक नाही पण आमच्या भागातलं एक सांगतो. आजीला निराधारचे पैसे येतात. संजय गांधी निराधार १९८० ची, श्रावणबाळ वेगळी, पण बायकांना त्या फरकाशी देणंघेणं नाही आणि अनुदान, अर्थसहाय्य, निवृत्तीवेतन यातलं काहीही कुणी म्हणत नाही. म्हणतात 'पगार'. "म्हातारीचा पगार चालू झाला का?" "माझा दोन म्हयन्याचा पगार थटलाय." बँकेच्या ओट्यावर बसून एकमेकींना हेच विचारत असतात. मी एकदा आजीला म्हटलं, आजी, अगं पगार नोकरी करणाराला असतो. तर म्हणाली, मग मी काय झोपा काढल्या व्हय रं जन्मभर? आता हिला तुम्ही लाभार्थी म्हणून दाखवा. पगार मूळचा पोर्तुगीज शब्द आहे असं शाळेत शिकवलेलं, शास्त्रीबुवांनी त्याबद्दल तिच्याशी बोलावं.

एमएसडब्ल्यू पासआउट, सातारा:
पगारावरनं दुखती नस दाबलीत. माझ्या डिग्रीवर 'समाजकार्य' आहे. सरकारी दवाखान्यातल्या पोस्टचं नाव 'समाजसेवा अधीक्षक'. गावात 'समाजसेवक' म्हणजे फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला, युवा नेते वगैरेच्या खालच्या ओळीत. आणि 'समाजकल्याण' म्हणजे एक तर ऑफिस नाहीतर हॉस्टेल. "समाजकल्याणची पोरं" हे कोणत्या सुरात म्हणतात ते हॉस्टेलला राहिलेल्यांना विचारा, कल्याणासारखा चांगला शब्द पण शिवी होऊ शकतो.

माझं म्हणणं असं की 'सेवा' या शब्दानं आमचं नुकसान केलं. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५, ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग १९११, तिथं सेवा ठीक होती, ती माणसं व्रत घेतल्यासारखी राहायची. पण १९३६ ला मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावानं जी शाळा निघाली ती 'सोशल वर्क'ची. वर्क. शिकून करायचं काम. तरी आजही इंटरव्ह्यूला पगार विचारला की समोरचा म्हणतो, मॅडम, ही सेवा आहे.

वाईकर शास्त्री:
सेवा शब्दात हीन काही नाही, मनात असेल तर भाग वेगळा. शिवाय 'कार्य' तरी काय? आमच्या घरात कार्य आहे म्हणजे लग्नमुंज आहे. समाजकार्य म्हणजे समाजाचं लग्न का?

तासगावचा बागायतदार:
बुवा आज फॉर्मात आहेत. पण तुमच्या जिल्ह्यात भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ ला काले गावात शिक्षणसंस्था काढली तिचं नाव 'रयत', हा अरबी शब्द, मुळात अर्थ राखणीतला कळप. १९२४ चं ते 'बोर्डिंग', इंग्रजी. मुष्टीफंडात मुष्टी संस्कृत आणि फंड इंग्रजी. असल्या खिचडी शब्दांवर पोरं शिकली की नाही? आणि लोक नाक मुरडून ज्याला 'खैरात' म्हणतात तो खैर म्हणजे भलं, त्याचं अनेकवचन. म्हणजे शब्दशः कल्याणच!

मिरजेची आक्का:
क्लायंट तसाच लोंबकळतोय, राहू दे. त्याच धड्यात दुसरं एक आहे, 'सेटलमेंट' चळवळ. लंडनला १८८४ चा टॉयन्बी हॉल, शिकागोला जेन अॅडम्सचं हल हाऊस १८८९. शिकलेली मंडळी गरिबांच्या वस्तीत जाऊन तिथंच राहिली, वर्ग चालवले, पाळणाघर काढलं. मला वाटतं सेटलमेंट तसाच ठेवावा.

पालावरचा:
नका ठेवू आक्का. एरवी मी इथं नुसता वाचतो पण हे बोलायला लागेल. आमच्या घरात सेटलमेंट हा शब्द लहानपणापासनं आहे आणि त्याचा अर्थ तारेचं कुंपण असा आहे. सोलापूरची सेटलमेंट. १८७१ ला जो गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढं १९२४ पर्यंत आवळत नेला, त्यात आमच्यासारख्या जमातींना कुंपणात ठेवायचे. आजा हजेरीचं सांगायचा. रात्री पण हजेरी. परवानगीशिवाय बाहेर गेला की गुन्हा, बाकी काही केलं नसलं तरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली, म्हणून आम्ही विमुक्त. आणि साहेब लोकांच्या कागदात त्या कुंपणाचं नाव काय, तर सुधारणा.

आता तुमच्या वर्गात कैकाड्याचं, पारध्याचं पोरगं बसलं असेल. धड्यात वाचेल की सेटलमेंटमध्ये थोर लोक आनंदानं राहायला गेले. काय समजायचं त्यानं? दोन्ही गोष्टी त्याच काळातल्या, शब्द तोच. एकात शिकलेला माणूस आपल्या मर्जीनं गरिबात राहायला गेला, दुसऱ्यात गरिबाला धरून आणून ठेवला. दोन्ही एका पानावर लिहा, मग शब्द कोणताही घाला.

एमएसडब्ल्यू पासआउट, सातारा:
दादा, हे आम्हाला दोन वर्षांत कुणी असं जोडून दाखवलं नाही. टॉयन्बी हॉल एका पेपरला, विमुक्त जमाती दुसऱ्या पेपरला.

'शेजारघर' कसं वाटतंय? टाटांच्या शाळेचे पहिले संचालक मॅन्शार्ट त्याआधी मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाऊस चालवायचे, त्यात शेजार आहेच.

वाईकर शास्त्री:
'सहनिवास' अधिक नेमका. पण पालावरच्या दादांचा मुद्दा मान्य, सेटलमेंट नको.

तासगावचा बागायतदार:
सहनिवास म्हणजे हाऊसिंग सोसायटी वाटते हो.

बरं कुणीच 'हमी' म्हटलं नाही अजून. वि. स. पागे आमच्या विसापूरचे. आधी दुष्काळात जे निघायचं ते 'रिलीफ', म्हणजे सरकारला दया आली की काम. पाग्यांनी शब्दच फिरवला, रोजगार हमी. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासनं अंमल. हमीत मागणारा क्लायंट पण नाही आणि लाभार्थी पण नाही. नुसता मजूर, आणि काम मागायचा त्याला हक्क. आमची आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती, सुकडी खाऊन दिवस काढले म्हणते.

खटावी मिरची:
सुकडी गोड असायची ना, भरड्यासारखी? आमच्याकडं सुकडीपेक्षा मिलोच्या आठवणी जास्त. तांबडी ज्वारी, अमेरिकेची. भाकरी थापली की चिरायची म्हणे. आजी अजून भाकरी बिघडली की "मिलो झाली" म्हणते.

पालावरचा:
आमच्यात पण म्हणतात, पण 'मायलो'.

वाईकर शास्त्री:
मिलोच. रेशनच्या दुकानात पाटीवर मिलो असंच लिहिलेलं असायचं, मी स्वतः पिशवी घेऊन रांगेत उभा राहिलोय.

खटावी मिरची:
बुवा, वाईत कृष्णेच्या काठाला कुठली हो मिलोची रांग? दुष्काळ आमच्या माणदेशात होता.