खोटी माहिती तपासायची कशी, खोडायची कशी: अनुभव धागा

अफवेपायी माणसं औषध सोडतात, पैसे घालवतात, जीवही गमावतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे नुसती हळहळ नको. जे रोज हे काम करतात त्यांनी आपल्या कामातली नेमकी पायरी लिहावी, आणि ती कुठे चुकते तेही.

फोटो-व्हिडिओ पडताळणी करणारी

फसव्या फोटोंत मोठा वाटा खऱ्या फोटोंचाच असतो. फोटो जुना, खालची ओळ नवी. म्हणून ‘यात फेरफार आहे का?’ हा प्रश्न मागे ठेवा, आधी ‘हा पहिल्यांदा कुठे दिसला?’ ते शोधा.

स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट घेऊ नका, मिळेल ती सर्वांत मोठी प्रत घ्या. कडेची पट्टी, मजकूर, इमोजी कापून टाका, कारण शोधयंत्र त्यांच्याच मागे लागतं. मग गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांत, तिन्हींत टाका. एकात सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुना आधी’ असा क्रम लावता येतो. काहीच मिळालं नाही तर फोटो आडवा उलटा करून पुन्हा शोधा. शोध चुकवायला ही युक्ती सर्रास वापरतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर समजून जा.

सापडलेली सर्वांत जुनी तारीख एवढंच सांगते की फोटो त्यानंतरचा नाही. तो त्याच दिवशी काढला, असं त्यातून निघत नाही. इथे अनुभवी लोकही घसरतात.

पूर आलेल्या रस्त्यावर गाडीशेजारी पोहणारा शार्क २०११ पासून वादळामागून वादळात नव्या शहराच्या नावाने फिरतो. तो फोटो मात्र खरोखर बनावट. तरी तोच प्रश्न कामी येतो: शोध घेतला की तोच शार्क, तेच वळण, त्याच कल्ल्यासह दक्षिण आफ्रिकेतल्या एका कयाकच्या (छोट्या होडीच्या) मागे दिसतो. तो फोटो २००५ मध्ये छापून आला होता.

व्हिडिओत दृश्य बदलतं त्या क्षणी थांबवून चार-पाच चौकटी काढा आणि प्रत्येक चौकट वेगळी शोधा. दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटचा रंग, रहदारी डाव्या बाजूने की उजव्या, सावलीची दिशा हे सगळं टिपून ठेवा. फाइलमधल्या तारखेवर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखं पाठवलं की काढल्याची तारीख-ठिकाण पुसलं जातं, त्यामुळे ती नसणं संशयास्पद नाही. ‘हे एआयने बनवलंय का’ सांगणाऱ्या साधनांचा निकालही एकटा धरू नका. अनेकदा पाठवून दबलेल्या फाइलवर ती खूप चुकतात.

बालरोगतज्ज्ञ

१९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख आला, गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा. मुलं होती १२. लेख मागे घेतला गेला २०१० मध्ये. गोवर इतका संसर्गजन्य आहे की त्याला रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांचं लसीकरण लागतं. म्हणजे थोडेसे पालक जरी बिचकले तरी भिंतीला भोक पडतं, आणि आजारी पडतं ते लशीच्या वयाला न पोचलेलं तान्हं बाळ.

कोणी ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणालं की चार गोष्टी बघा. प्रयोग प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? तुलनेला दुसरा गट होता का? आणि तो लेख मागे घेतलेला तर नाही? शेवटचं नियतकालिकाच्या पानावर ठळक लिहिलेलं असतं, पण पुढे पाठवलेल्या पीडीएफवर नसतं!

२०२० मध्ये ‘दारूने विषाणू मरतो’ या अफवेने इराणमध्ये शेकडो माणसं मिथेनॉल (विषारी औद्योगिक अल्कोहोल) पिऊन मेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. सुरुवातीला नुसती नशा वाटते, धूसर दिसायला काही तासांनी लागतं. तोवर घरी थांबणं हाच घात. मिथेनॉल पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा.

संख्याशास्त्र शिकवणारा

वरच्या चार प्रश्नांत पाचवा जोडतो: ‘दुप्पट’ म्हणजे कशाच्या दुप्पट? १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा गेला की नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका १०० टक्के वाढतो. आकडा खोटा नव्हता. ७,००० स्त्रियांत १ चा धोका २ झाला होता. पण घाबरून अनेकींनी गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. टक्का दिसला की मूळ संख्या मागा. आलेखात उभी रेघ शून्यापासून सुरू होते का, तेवढं बघा.

मोठ्या गटाची प्रशासक

व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो निरोप मूळ माणसापासून पाच किंवा जास्त टप्पे दूर आहे. एप्रिल २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे ढकलता येतो. पळवाट अशी की मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण जातो. त्यामुळे बाण नसला म्हणजे खात्रीचं, असं धरू नये.

खोडताना आधी खरी गोष्ट एका वाक्यात. मग ‘पुढचा दावा चुकीचा आहे’ असं सांगून दावा एकदाच. मग तो का चुकला, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट. चुकीचा दावा मथळ्यात ठेवू नका: वारंवार ऐकलेलं खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय. नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून तर अजिबात थांबू नका. उदाहरणार्थ, नळाला पाणी गढूळ का आलं याचं खोटं कारण काढून घेतलं आणि खरं दिलं नाही, तर मनातल्या रिकाम्या जागी जुनंच परत येऊन बसतं.

वडीलधाऱ्यांना चारचौघांत टोकू नका. ‘काका, हे जरा तपासलं, तारीख जुनी निघाली’ असं खासगीत लिहा, आणि गटात दुरुस्ती त्यांनाच टाकू द्या. निरोप नुसता काढून टाकला तर ज्यांनी तो आधी वाचला त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचतच नाही.

एक वाचक

आवाजाची क्लिप कशी तपासायची? ‘मी अमुक रुग्णालयातून डॉक्टर बोलतोय’ अशा धर्तीची?

फोटो-व्हिडिओ पडताळणी करणारी

फोटो देऊन त्याचं मूळ शोधता येतं, तसा उलटा शोध आवाजाला जवळजवळ नाहीच. क्लिप शब्दशः लिहून काढा, आणि त्यातलं सर्वांत विचित्र वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. जुनी असेल तर तेच वाक्य आधी कुठेतरी लिहिलेलं सापडतं. मग नाव, ठिकाण, वार यांखाली रेघ मारा. तिन्ही नसतील तर पुढे पाठवू नका. असतील तर त्या संस्थेचा क्रमांक तिच्या अधिकृत पानावरून स्वतः काढून फोन करा. क्लिपसोबत आलेल्या क्रमांकावर कधीच नाही.

ग्रंथपाल

याच्याही आधी एक काम: पुरावा जपा. मूळ पोस्टचा दुवा वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) साठवा आणि वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. दुरुस्ती मागायला जाल तोवर मूळ मजकूर गुपचूप बदललेला असतो, आणि मग चूक कोणाची हे दाखवायला हातात काही उरत नाही.