१९५७ : थंडरबर्ड घ्यावी की कॉर्व्हेट?

ओहायोकर :
निवृत्तीला दोन वर्षं उरली. जुनी अमेरिकन गाडी घ्यायची इच्छा तीस वर्षांची आहे, आणि शोध १९५७ सालावर येऊन थांबलाय. फोर्ड थंडरबर्ड की शेवरले कॉर्व्हेट? माझा कल थंडरबर्डकडे आहे. दोघांपुरती, पोलादी अंगाची, शोधली तर पॉवर स्टिअरिंगचीही मिळते. १९५८ ला फोर्डने ती चार जणांची केली, म्हणजे छोट्या थंडरबर्डचं हे शेवटचं साल. तुम्ही काय म्हणता?

फायबरवाला :
काका, मला हे अजिबात पटत नाही. खुद्द फोर्डनेच तिला स्पोर्ट्स कार न म्हणता ‘पर्सनल कार’ म्हटलं होतं. कॉर्व्हेटचा प्रवास बघा. १९५३ ला आली तेव्हा सहा सिलिंडर, दोन गिअरची ऑटोमॅटिक, दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही. १९५५ ला जेमतेम ७०० निघाल्या, गाशा गुंडाळायची वेळ आली होती. आणि दोनच वर्षांत २८३ घनइंचांच्या इंजिनातून, कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणाऱ्या फ्युएल इंजेक्शनवर, २८३ अश्वशक्ती! सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत आपला वर्गही जिंकला. त्या साली थंडरबर्ड २१,३८० बनल्या, कॉर्व्हेट ६,३३९. संग्रहाला दुर्मीळ गाडी हवी. शिवाय तिचं अंग फायबरग्लासचं, त्याला गंज लागत नाही.

लोखंडी :
गंजाचं अर्धंच सांगितलंत. वरचं अंग फायबरचं, खालची फ्रेम पोलादाचीच, आणि ती सडते. पण माझा खरा आक्षेप पुराव्याचा आहे. ५७ च्या थंडरबर्डला कारखान्यात दिलेल्या ओळख नंबरातलं पहिलं अक्षरच इंजिन सांगतं. ‘डी’ म्हणजे साधं ३१२ घनइंचांचं इंजिन; ‘एफ’ म्हणजे तेच, पण जास्त हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरसह, अशा दोनशेच्या आसपासच बनल्या. कॉर्व्हेटच्या नंबरात इंजिनाचा पत्ताच नाही. इंजेक्शनवाल्या १,०४० निघाल्या, त्यातली खरी कुठली हे इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या अक्षर-आकड्यांच्या शिक्क्यावरून ओळखायचं.

मागच्या वर्षी मित्रासोबत अशीच एक बघायला गेलो. इंजेक्शन युनिट, कागद, सगळं जागच्या जागी. टॉर्च तिरपा धरून शिक्क्याची जागा पाहिली. कारखान्यात तासलेल्या लोखंडावर बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. इथे बोटाला गुळगुळीत लागलं. घासून नवा शिक्का मारलेला. मित्राने दिलेला बयाणा परत मिळायला दोन महिने लागले.

फायबरवाला :
हे मान्य. मग इंजेक्शनचा नाद सोडा, साधी कार्ब्युरेटरवाली घ्या, तिची नक्कल करायला कोण बसतंय? आणि थंडरबर्ड घेताना चुंबक रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे पकड सुटेल तिथे पत्रा नाही, पुट्टी भरलेली आहे.

जर्सीची ताई :
मी दोन्ही चालवल्यात. त्या कॉर्व्हेटला पॉवर स्टिअरिंग मिळतच नव्हतं, पार्किंगमध्ये वळवताना खांदे भरून येतात. थंडरबर्डचं चाक पुढेमागे सरकतं, माझ्यासारख्या बुटकीला ते फार सोयीचं. गाडी कापडाखाली झाकून ठेवायची असेल तर दुर्मीळ घ्या. दर रविवारी काढायची असेल तर थंडरबर्डच.

ओहायोकर :
ताई, रविवारी काढायचीच आहे. शनिवारी एक ‘डी’ अक्षराची थंडरबर्ड बघायला जातोय, चुंबक आणि टॉर्च दोन्ही घेऊन.

फायबरवाला :
जरूर जा. पण काका, बयाणा देण्याआधी एकदा कॉर्व्हेट चालवून या. मोकळ्या रस्त्यावर, छत उघडं ठेवून.