मदत हवी आहे: गाडीत पक्का बसवलेला रडार डिटेक्टर आणि व्हर्जिनियाचा कायदा

न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली (Raleigh) शहराला आय-९५ महामार्गाने खाजगी एसयूव्हीतून जायचं आहे. गाडीत पोलिसांचा वेग मोजणारा रडार ओळखणारं यंत्र, म्हणजे रडार डिटेक्टर, पक्कं बसवलेलं आहे. वाटेत व्हर्जिनिया टाळणं व्यवहार्य नाही. तिथे आणि वॉशिंग्टन डीसीत डिटेक्टरला बंदी आहे, बाकी वाटेवर खाजगी गाडीत चालतो. मेरीलँडमधून व्हर्जिनियात नेणाऱ्या वुड्रो विल्सन पुलाचा छोटा तुकडा डीसीच्या हद्दीत येतो, म्हणून जे आवरायचं ते मेरीलँडमध्येच.

व्हर्जिनियाच्या कायद्यातलं कलम ४६.२-१०७९ वाचलं आहे. यंत्र चालू होतं हे सरकारला सिद्ध करावं लागत नाही. ते गाडीत असणं हाच प्रथमदर्शनी पुरावा. सुटका तेव्हाच, जेव्हा यंत्राला वीजपुरवठा नसेल आणि ते चालकाच्या किंवा प्रवाशाच्या सहज हाताशी नसेल. दोन्ही अटी एकत्र हव्यात.

काचेवरचा डिटेक्टर असता तर वायर काढून सामानात खाली ठेवता आला असता. इथे रिसीव्हर ग्रिलमागे, कंट्रोल बॉक्स डॅशबोर्डखाली आणि वीज फ्यूज बॉक्समधून. फ्यूज काढून पाहिला, डिस्प्ले बंद होतो. पण तोच फ्यूज मिनिटभरात परत बसतो, ही खरी अडचण. शिवाय एसयूव्हीला वेगळी बंद डिकी नाही. मागच्या सीटवरून सामानापर्यंत हात पोचतो.

जॅमर (पोलिसांच्या रडारमध्ये अडथळा आणणारं यंत्र) नाही, गाडी व्यावसायिक नाही. ग्रिलमागचा रिसीव्हर उतरवायचा तर पुढचा बंपर काढावा लागेल.

व्हर्जिनियातल्या वाहतूक वकिलाकडून किंवा कोर्टातून कोणाला नेमकं कळलं आहे का: फ्यूज आणि डिस्प्ले काढणं पुरतं, की कंट्रोल बॉक्सही उतरवून कुलूपबंद पेटीत ठेवावा लागतो?